ही वेल ब्राह्मी आहे की जलपिंपळी? आणि आंब्याखाली काय लावू?

नमस्कार मंडळी,

इंदूरला आमच्या घरामागे छोटीशी बाग आहे. माती अस्सल माळव्याची काळी. पावसाळ्यात चपलेला थरावर थर चिकटतो आणि मे महिन्यात अशा भेगा पडतात की बोटं आत जातात. लॉन ठेवायचं तर रोज पाणी हवं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि बोरिंगचा उन्हाळ्यात भरवसा नाही. म्हणून लॉनचा नाद सोडून जमिनीलगत पसरणारं काही लावायचं ठरवलंय, म्हणजे माती झाकलेली राहील आणि ओल टिकेल.

तेवढ्यात एक वेल आपली आपणच उगवली. कूलरचं पाणी सांडतं तिथून निघाली ती आता फरशीच्या फटींपर्यंत आली आहे. फोटो काही केल्या चढत नाहीये, म्हणून नीट वर्णन करते. पानं समोरासमोर, अंगठ्याच्या नखाएवढी, देठाकडे निमुळती. करवती दाते आहेत, पण फक्त टोकाकडच्या अर्ध्या भागात. खालची कड साफ. जमिनीला टेकलेल्या पेरांतून मुळं फुटतात. बोटभर दांडीवर काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखा गोंडा येतो. मधोमध काळपट जांभळा, भोवती पांढऱ्या-गुलाबी बारीक फुलांचं कडं. जुना झाला की गोंडा लांबट होतो. तोडल्यावर चीक येत नाही, म्हणजे दुधी-नायटीतली नाही. उन्हं वर आली की करड्या-निळ्या इवल्या फुलपाखरांची नुसती झुंबड असते.

सासूबाई म्हणतात ही ब्राह्मीच, आणि त्यांना तिचं तेल काढायचंय. म्हणूनच नाव पक्कं झाल्याशिवाय मी एक पानही तोडू देत नाहीये. माझ्या माहितीप्रमाणे जलब्राह्मीची पानं मांसल असतात, कडेला दाते नसतात, आणि पाच पाकळ्यांचं फिकट फूल पानाच्या बगलेत एकटं येतं. आपण जिला मंडूकपर्णी म्हणतो तिचं पान तर गोल, लांब देठाचं. हिच्यात यातलं काहीच जुळत नाही. मला ही जलपिंपळी वाटते, काहीजण जिला रतोलिया म्हणतात ती. ज्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली आहे त्यांनी कृपया सांगा. आणखी काय तपासू? वास, चव (चव घ्यायची हिंमत नाही), बी?

जलपिंपळीच असेल तर मला ती ठेवायचीच आहे. ऊन सोसते, पायाखाली आली तरी मरत नाही, आणि त्या कोपऱ्यातल्या मातीला यंदा एकही भेग नाही. पण वाफ्यात शिरली तर कशी आवरायची? वीट उभी गाडून अडते का, की पेरं वरून उडी मारतात?

दुसरा प्रश्न आंब्याखालचा. तिथे दाट सावली आहे आणि ही वेल त्या बाजूला वळतच नाही. नर्सरीवाल्याने वेडेलिया सुचवली, पिवळ्या फुलांची. दिसते सुरेख, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. एकदा नाल्याकाठी पोचली की आपल्या हातात राहत नाही, त्यामुळे ती मी लावणार नाही. चिनी गुलाबाला कडक ऊन लागतं, तोही बाद. राहता राहिली मंडूकपर्णी आणि जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांची ट्रॅडेस्कँशिया. आंब्याची मुळं वरच आहेत, खोल खणता येणार नाही. दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं खत पसरून त्यातच कांड्या खोचल्या तर लागतील का? की मोहर-कैऱ्यांच्या दिवसांत खाली पडणाऱ्या चिकट कचऱ्याने कुजतील?

इंदूर, देवास, उज्जैनकडे काळ्या मातीत कुणी हे केलं असेल तर त्यांचा अनुभव सगळ्यांत आधी हवाय. मृग लागायच्या आत कांड्या जमवून ठेवायच्या आहेत.