मदत हवी आहे: अनोल सरड्यांमध्ये बेटाचा परिणाम वंशापासून वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. कॅरिबियन बेटांवरचे आणि मध्य-दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे अनोल सरडे यांच्या शरीररचनेची तुलना करतेय. क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका, प्वेर्तो रिको इथे त्याच त्या ठेवणी स्वतंत्रपणे पुन्हापुन्हा उत्क्रांत झाल्यात: रुंद खोडाच्या बुंध्याशी राहणारे लांब पायांचे, बारीक डहाळ्यांवरचे आखूड पायांचे. मुख्य भूमीवरच्या जाती मात्र या साच्यांत नीट बसत नाहीत. तिथे भक्षकांचा दाब जास्त, तर बेटांवर दाटी आणि अन्नाची चुरस, हे स्पष्टीकरण वाचलंय आणि मला ते पटतंही.

माझी अडचण पुढची आहे. मुख्य भूमीवर मुळात दोनच मोठे वंश: जुना डॅक्टिलोआ आणि बेटांवरून परतलेला नोरोप्स. म्हणजे दिसणारा फरक जागेचा की घराण्याचा, हे कळत नाही.

मागच्या पायाची लांबी धडाच्या लांबीशी लॉग प्रमाणात ताडून पाहिली, वंशवृक्ष धरून, म्हणजे जातींमधलं जवळ-दूरचं नातं हिशेबात घेऊन, प्रतिगमनही (मोजमापांमधला संबंध काढणारं संख्याशास्त्रीय विश्लेषण) केलं. वंशवृक्ष घेतला की बेट-मुख्यभूमी फरक जवळजवळ विरतो. बोटांखालच्या चिकट पट्ट्या मोजल्यात, पण मोजमापं सगळी संग्रहालयातल्या नमुन्यांची, त्यामुळे फांदीच्या जाडीची नोंद नाही. नवीन क्षेत्रकाम शक्य नाही.

जमैका आणि क्यूबातही नोरोप्स आहेत. तेव्हा फक्त नोरोप्समधले बेटावरचे आणि मुख्य भूमीवरचे सरडे ताडले, तर तो निष्कर्ष ग्राह्य धरता येईल का, की एकाच परतीवर इतका भार टाकणं चूक ठरेल?