ज्यूल वालेस हुतात्मा? कशाबद्दल?

खडूस_संपादक:
परवाच्या पोस्टीत फ्रेंच पत्रकार-कादंबरीकार वालेसला ‘वृत्तपत्रस्वातंत्र्याचा हुतात्मा’ म्हटलंय. तिथे हारतुरे चालले होते, म्हणून इथे लिहितो. मार्च १८७१ मध्ये सरकारच्या जनरल व्हिन्वाने त्याचं ‘ल क्री द्यु पप्ल’ हे दैनिक बंद पाडलं, तेव्हा बोंब. एप्रिलमध्ये पॅरिस कम्यूनने, म्हणजे बंडानंतर निवडून आलेल्या क्रांतिकारी शहर-सरकारने, विरोधी पत्रं बंद केली, तेव्हा हे महाशय त्याच कम्यूनचे निवडून आलेले सदस्य! खुर्ची सोडली? नाव नको.

रिकामटेकडी:
नेहमीप्रमाणे अर्धंच सांगा. ‘फिगारो’ हे विरोधी दैनिक निघू दिलं नाही याचा खेद त्याने स्वतःच्या पत्रात छापला. मे महिन्यात कम्यूनने सर्वाधिकार दिलेल्या लोकरक्षण समितीला विरोध करणाऱ्या अल्पमतातही तो होता. कम्यून चिरडल्यावर १८७२ ला गैरहजेरीत मृत्युदंड, मग १८८० च्या माफीपर्यंत परागंदा, बराचसा काळ लंडनमध्ये. अजून काय करायचं होतं त्याने?

खडूस_संपादक:
खेद! आमच्या हापिसातही सगळ्यांना खेदच होतो. सह्या मात्र होतात.

पट्टीचा_मार:
त्याचं खरं दुखणं घरात होतं. डिसेंबर १८५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियनने सत्ता बळकावल्यानंतर पोराच्या राजकारणापायी आपली मास्तरकी जाईल, या भीतीने बापाने त्याला नांतच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. वय १९! पुढे बालपणावरची कादंबरी त्याने शाळेत कंटाळून मेलेल्यांना आणि घरात रडवलेल्यांना अर्पण केली. मला सातवीत नकाशात नर्मदा उलटी वाहवली म्हणून भूगोलाच्या मास्तरांनी पट्टी उभी धरून पेरांवर हाणली होती. असले मास्तर सगळीकडे सारखेच.

निवृत्त_मास्तर:
झालं सुरू! साठ पोरांच्या वर्गावर एक तास उभे राहून दाखवा, मग बोला. सरकारी पगार गेला असता तर त्या घराने खाल्लं काय असतं?

पट्टीचा_मार:
म्हणून पोटचा पोर वेडा ठरवायचा?

निवृत्त_मास्तर:
समर्थन कोण करतंय? बाप भित्रा होता. त्यात अख्खी मास्तर जमात कशाला ओढता?

रिकामटेकडी:
कॉलेजात मोर्चाला गेले म्हणून वडिलांनी मला घरात कोंडलं होतं. कारण काय, तर त्यांची बढती अडेल. बढती तशीही झाली नाही.

खडूस_संपादक:
धागा पत्रकारितेवर आहे हो! कौटुंबिक न्यायालय पुढच्या चौकात.

रिकामटेकडी:
मग पत्रकारितेचंच घ्या. १८८३ ला पत्र पुन्हा काढलं, सेव्हरीन या तरुण पत्रकार बाईला हाताशी धरून तयार केलं. १८८५ ला तो गेल्यावर तिनेच चालवलं. त्या काळात बाईच्या हाती दैनिक! तुमच्या लाडक्या उदारमतवाद्यांपैकी कोणी दिलं होतं?

खडूस_संपादक:
बरं बाई, सेव्हरीनचे दोन गुण दिले. ‘हुतात्मा’ खोडा आणि ‘कम्यूनवाल्यांत त्यातल्या त्यात बरा’ लिहा, मी सही करतो.

पट्टीचा_मार:
खेदासह?