पद्मिनीचं ब्रेक ब्लीडिंग: पेडल तळापर्यंत मारू नका

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीच्या ब्रेक ब्लीडिंगला, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा बाहेर काढायला, दोन माणसं हवीत असं सांगतात ते बरोबरच. पण 'पेडल जोरजोरात पार तळापर्यंत मारा' हा सल्ला वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पद्मिनीसाठी घातक आहे. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) पिस्टन बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या, ठरावीक भागातच फिरतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ धरतो. पेडल तळाला गेलं की रबरी सील त्या गंजावरून घासून फाटतं, आणि काल ठीक असलेला ब्रेक आज हळूहळू खाली बसायला लागतो. म्हणून पेडलखाली इंचभर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा.

आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून 'दाबलं' म्हणायचं, मग चाकापाशी खाली बसलेल्याने निपल (चाकामागचा हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडून परत बंद करायचं, आणि तो 'बंद' म्हणेपर्यंत पाय अजिबात उचलायचा नाही. सगळी गडबड इथेच होते: निपल उघडं असताना पाय सुटला की हवा परत आत. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा. आधी मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरकडचं. दर सात-आठ दाबांनी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल बघा.

इतकं करूनही पेडल खोलच जात असेल तर हवेला दोष देण्याआधी ब्रेक शू (ब्रेक लावल्यावर ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यापासून, लांब राहिलेत का ते तपासा. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत बहुतेकदा तेच निघतं.