घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रोस्टेटचा त्रास : तुमचे अनुभव सांगा

लोकमान्यनगरची लेक

परवा रात्री पुण्याहून इंदूरला बसने येत होते. सेंधव्याच्या जरा आधी, घाटात, एक आजोबा उठून ड्रायव्हरकडे गेले, "भिया, दो मिनट रोक दो". तो म्हणाला ढाब्यावर थांबणारच आहोत. आजोबा परत बसले नाहीत, दांडी धरून तिथेच उभे राहिले, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट आवळलेली. ती मूठ बघितली आणि मला बाबा आठवले, मग इंदूर येईपर्यंत डोळा लागला नाही.

आमच्या बाबांचं प्रोस्टेटचं (मूत्राशयाच्या खाली असणारी पुरुषांची ग्रंथी, ती वाढली की लघवी अडते) ऑपरेशन 2011 साली झालं. त्याआधी दोनेक वर्षं रात्री पाच-सहा वेळा पॅसेजच्या दिव्याचं बटण वाजायचं, टक्, आणि आम्हाला वाटायचं म्हातारपणी झोप कमी होते. संध्याकाळी चारनंतर पाणी बंद केलेलं. इथल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले फिरते देखावे) लहानपणापासून कधी चुकवल्या नव्हत्या, हुकुमचंद मिलची झांकी येईपर्यंत रस्त्यावर बसून राहणारा माणूस, त्या वर्षी म्हणाले गर्दी सोसत नाही. गर्दी नव्हे हो, जायला जागा नव्हती म्हणून. हे आम्हाला नंतर कळलं.

दिवाळीत सर्दी झाली, घरातलीच गोळी घेतली आणि रात्री लघवी पूर्ण बंद. पहाटे तीनला मी उठले तर बाबा बाथरूममध्ये बादली उपडी घालून बसलेले, नळ सोडलेला, पाण्याच्या आवाजाने तरी होईल म्हणून. तासभर नळ चालू होता. मला म्हणाले, "तू जा गं, झोप". पोट दगडासारखं. दवाखान्यात नळी घातली तर 900 मिली निघाली, आणि बाबा स्ट्रेचरवर "आता बरं वाटतंय" म्हणून तिथेच झोपले, दोन वर्षांत पहिल्यांदा सलग चार तास.

तुमच्याकडे कसं झालं, कधी लक्षात आलं, काय उपचार केले, जे आठवेल ते लिहा. मला वाटतं ही गोष्ट घराघरात आहे आणि कोणी बोलत नाही.

घाईत

ताई सासऱ्यांचं डिट्टो. नळ सोडूनच बसायचे. वाचून भरून आलं. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

निवृत्त, वय 71

मी स्वतःचंच लिहितो. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, झाली म्हणून निघालो की परत जावंसं वाटणार. डॉक्टरांनी एका यंत्रात लघवी करायला लावली, धारेचा जोर मोजतात, माझा जास्तीत जास्त सेकंदाला 7 मिली आला, 15 च्या वर हवा म्हणे. सोनोग्राफीत प्रोस्टेट 58 ग्रॅम, तरुणपणी अक्रोडाएवढा 20 ग्रॅमच्या आसपास असतो. पण डॉक्टर म्हणाले नुसत्या आकारावर जाऊ नका, कोणाचा 80 ग्रॅमचा असून त्रास नसतो आणि कोणाला 30 चा सुद्धा छळतो.

आधी टॅमसुलोसिन 0.4, लघवीची वाट सैल करणारी गोळी, रात्री जेवणानंतर. फरक आठवड्यात पडला पण पहिल्या दिवसांत रात्री उठलो की गरगरायचं, मग पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून उठायची सवय लावली. दुसरी ड्युटास्टेराइड, प्रोस्टेटचा आकार कमी करणारी, तिला सहा महिने तरी द्यावे लागतात, माझ्या शेजाऱ्यांनी महिन्याभरात सोडली, असं करू नका. दीड वर्षाने मात्र दुर्बिणीचं ऑपरेशन करावंच लागलं. पोटावर टाका नाही. आत पाणी सोडून धूत राहतात, नळीतलं पाणी लाल, मग गुलाबी, मग पांढरं, तिसऱ्या दिवशी नळी काढली. पहिली धार आली तेव्हा मी आतून सौ.ला हाक मारली, एवढा आनंद झाला.

चूक एक केली. दोन आठवड्यांनी वर्षाचे गहू आले आणि कट्टा मीच उचलला. संध्याकाळी लघवीतून परत रक्त. महिना-सवा महिना वजन उचलायचं नाही म्हणजे नाही.

पोहेवाला

काका शरबती की लोकवन? आणि कुठून घेता? आमचे यंदा खडेच फार निघाले.

निवृत्त, वय 71

लोकवन. ओळखीतला शेतकरी आहे सांवेरकडचा, दारात आणून देतो.

मेडिकलवाला भाऊ

धागा काढलात फार बरं केलं. दुकानावर रोज कोणीतरी येतं, "सर्दीची गोळी द्या" आणि वय सत्तर. नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने तुंबू शकते. मी आता विचारूनच देतो, काही जण चिडतात, चिडू देत. अजून एक, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर टॅमसुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेत होतो हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, बाहुली नीट ताणून राहत नाही त्याने. बंद स्वतःहून करू नका, फक्त सांगा.

सुदामानगर

आमच्याकडे मामंजींचा पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) 6.8 आला आणि घरात सुतक असल्यासारखं झालं. चारच्या खाली हवा असं रिपोर्टवरच छापलेलं. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. युरोलॉजिस्ट म्हणाले आधी लघवीचं इन्फेक्शन जाऊ द्या, सहा आठवड्यांनी परत केला तर 3.1. प्रोस्टेट वाढणं म्हणजे कॅन्सर नव्हे हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, तो कागद मामंजींनी अजून जपून ठेवलाय. आणि ती ड्युटास्टेराइड चालू असली की पीएसए साधारण निम्मा दिसतो, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर गोळ्यांची नावं सांगा.

मऱ्हाटी माळवी

गोखरूचा काढा करून बघा कोणी, माझ्या मावसकाकांना गुण आला.

तिलकनगर

दादा रागावू नका, पण आमच्या भाऊंनी एका वैदूची पुडी दोन वर्षं घेतली, कोणाला न सांगता. त्रास वाढला तरी पुडीच वाढवली. पायांवर सूज आली म्हणून नेलं तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) फार वाढलेलं, 4.8, लघवी मागे साचून दोन्ही किडन्या फुगलेल्या. नळी घातल्यावर हळूहळू 1.9 वर आलं, त्याखाली काही आलं नाही. काढा घ्यायचा तर घ्या पण एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन बघून घ्या हो. भाऊ आज आहेत पण मीठ-पाणी सगळं मापून.

मऱ्हाटी माळवी

नाही नाही, रागावलो नाही ताई. काकांना आजच सोनोग्राफीचं विचारतो.

रामबागची आजी

नातवाकडून टाइप करून घेते आहे. आमच्या ह्यांना दोन गोळ्या चालू, ऑपरेशनला डॉक्टर नको म्हणाले, हृदयाचं आहे. जानेवारीत थंडीत रात्री उठले आणि फरशीवर घसरले, नशीब म्हणून हाड वाचलं. तेव्हापासून पलंगाजवळ भांडं ठेवते. आधी ऐकतच नव्हते, "मी काय अंथरुणाला खिळलोय का". मी म्हटलं बाळंतपणात तुम्ही माझं केलंत, आता मी करते, त्यात काय. चार दिवस बोलले नाहीत. आता स्वतःच झोपताना भांडं आहे ना बघतात. चहा पाचनंतर नाही. आणि एकदा झाल्यावर मिनिटभर थांबून परत प्रयत्न करायचा, त्याने उरलेली निघते, हे नर्सबाईंनी शिकवलं.

घाईत

आजी 🙏 आता लिहिते. सासरे लग्नकार्यात गेले की आधी बाथरूम कुठे ते बघून खुर्ची पकडायचे, आम्ही हसायचो. मागच्या वर्षी लेझरने ऑपरेशन झालं. परवाच्या मुंजीत पहिल्या पंगतीला बसले, उठले नाहीत.

लोकमान्यनगरची लेक

सगळ्यांचं वाचतेय. आमच्या बाबांचं नळीनंतर तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं, पुढे सात वर्षं लाभले, आणि पुढच्याच चतुर्दशीला रात्री दोनपर्यंत झांक्या बघून आले, हातात भुट्टा.

बसमधल्या आजोबांसाठी शेवटी मीच ओरडले, मग थांबली. पाच मिनिटं अंधारात उभे होते. वर आल्यावर विचारलं, दाखवलंय का कुणाला? म्हणाले, "वय झालं बाळ, व्हायचंच". राजेंद्रनगरला त्यांचा मुलगा स्कूटर घेऊन आला होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

पोहेवाला

बरं केलंत ताई. म्हाताऱ्यांना बसने नका आणू, इंदूर-दौंड गाडी पुण्यावरून जाते, खालची बर्थ, दाराजवळची बघून घ्या.