मदत हवी आहे : ढगांतल्या लांब उड्डाणांसाठी आरव्ही-९ए की आरव्ही-१०?

नमस्कार मंडळी. मी डॅलसला राहतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी) हातात आहे, आता गॅरेजमध्ये व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, स्वतः विमान बांधायचं डोक्यात घेतलंय. एफएए या अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त काम आपणच करायचं, त्यामुळे किट चुकलं तर काही वर्षं पाण्यात.

वापर ठरलेला आहे: मुलगी कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला, म्हणजे साडेपाचशे नॉटिकल मैल, त्यात बराच वेळ ढगात. कसरती अजिबात नकोत. आरव्ही-७ चालवून पाहिलं. मजा आली, पण नकाशा बघायला मान खाली घातली की पंख कलायला लागतो! आरव्ही-९एचा पंख लांब, स्वभाव शांत म्हणतात. पण जागा दोनच आणि इंजिन १६० अश्वशक्तीपर्यंत. आरव्ही-१० चार जणांचं, २६० अश्वशक्तीचं. खर्च मात्र ऐकूनच बायको गप्प झाली.

९एमध्ये ढगात, हेलकाव्यांत तासन्‌तास उडवलेलं कुणी आहे का? ऑटोपायलट बंद पडला तर हाताने अ‍ॅप्रोच, म्हणजे उपकरणांवर धावपट्टीकडे उतरत जाणं, सांभाळता येतो का? आणि दुसरा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीजनिर्मितीचं यंत्र) बसवलात की नुसती बॅकअप बॅटरी?

कोलोरॅडोत पंखांवर बर्फ धरेल अशा हवेत दोन्ही विमानं जमिनीवरच राहणार, ते माहीत आहे.