मदत हवी आहे: भाड्याच्या कुरणासाठी दुष्काळी चारा-अनुदान

सप्रेम नमस्कार. आम्ही पश्चिम टेक्सासमध्ये भाड्याच्या कुरणावर 38 गाई पाळतो. यंदा पावसाने दगा दिला आणि आमची काउंटी दुष्काळाच्या साप्ताहिक नकाशावर डी-3 (अतितीव्र दुष्काळ) श्रेणीत गेली. चराईच्या हंगामात काउंटीचा काही भाग जरी एकदा या श्रेणीत आला, तरी अमेरिकी कृषी खात्याच्या ‘लाइव्हस्टॉक फोरेज डिझास्टर प्रोग्रॅम’मधून तीन मासिक हप्ते मिळू शकतात, आणि जनावरांचा महिन्याचा चारा-खर्च व कुरणाच्या चराई-क्षमतेवरून काढलेला महिन्याचा चारा-खर्च यांपैकी जी रक्कम कमी भरेल तिच्या 60 टक्के हप्ता धरतात, इथवर मला समजले आहे.

अडचण कागदांची आहे. जमीनमालक ऐंशीच्या घरातले आहेत आणि शब्द हाच त्यांचा करार! लेखी भाडेपट्टा नसताना भाड्याचे वटलेले धनादेश आणि मालकांचे सहीचे पत्र कोणी पुरावा म्हणून दिले आहे का? शिवाय गेल्या वर्षी दुष्काळामुळेच आम्ही नऊ गाई विकल्या. अशा जनावरांसाठी नेहमीच्या हप्त्याच्या 80 टक्के रक्कम मिळते, पण विक्री दुष्काळामुळेच झाली हे निव्वळ लिलावाच्या पावत्यांवरून कसे दाखवावे? ज्यांनी हा अर्ज प्रत्यक्ष भरला आहे, त्यांनी कृपया अनुभव कळवावा.