"आधी मास्तरांची मानसिकता बदला" म्हणणाऱ्या साहेबांसाठी

माळावरची_शाळा: काल एका निवृत्त साहेबांची पोस्ट फिरत होती, "कितीही प्रशिक्षणं द्या, आधी शिक्षकांची मानसिकता बदलली पाहिजे." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. साहेब, केंटकी विद्यापीठातला शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक थॉमस गस्की 1986 सालीच सांगून गेलाय की हा क्रमच उलटा आहे. शिक्षक आधी वर्गात काहीतरी करून बघतो, पोरांत फरक दिसला तर मग त्याचा विश्वास बसतो, भाषण ऐकून नाही. माझंच घ्या. ज्ञानरचनावादाची, म्हणजे पोरं स्वतः करून शिकतात या विचाराची लाट होती, सगळे त्यासाठी गाजलेलं कुमठे बीट (शाळांचा एक गट) बघायला साताऱ्याला पळत होते, मीही गेलो आणि येताना एसटीत आम्ही चौघांनी टवाळीच केली. मग एकदा तिसरीत 52 वजा 27, हातचा सांगून सांगून घसा बसला, वैतागून काड्यांचे गठ्ठे पोरांपुढे टाकले. एका पोरीने दहाच्या गठ्ठ्याचं रबर काढलं नि म्हणते, "सर, सोडल्याबिगर सात देताच येईनात की." बदलली मानसिकता.

केंद्रातला_माणूस: किस्सा झकास, पण एका रबरावर सिद्धांत? आणि सर, गस्की सोयीपुरताच वाचलात. याच गस्कीने 2009 मध्ये यून या अभ्यासकाबरोबर लिहिलेलं बघा. शिक्षक-प्रशिक्षणावरचे 1,343 अभ्यास चाळले, कसोटीला उतरले फक्त 9, आणि परिणाम दिसला तिथे तुम्ही ज्यांना नावं ठेवता त्या कार्यशाळाच होत्या, बाहेरचे तज्ज्ञही होते. 14 तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षणाचा मात्र परिणाम दिसला नाही. म्हणजे तास वाढवा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला 50 तास प्रशिक्षण उगाच नाही.

भाकरी_आणि_मॉड्यूल: 50 तास!! ऑनलाइन मॉड्यूलचे माझे तास कसे भरले सांगू? मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला, आवाज बंद, मी भाकऱ्या थापतेय आणि स्क्रीनवर कोणीतरी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पोरांना काय यायला हवं ते, समजावतंय. प्रश्नांची उत्तरं आदल्या रात्रीच ग्रुपवर. प्रमाणपत्र आलं. गस्कीनेच प्रशिक्षण मोजायच्या पाच पातळ्या सांगितल्यात ना, पहिली "आवडलं का", पाचवी "पोरं शिकली का". आमच्याकडे पहिलीवरच गाडी पंक्चर.

केंद्रातला_माणूस: मॅडम, आवाज तुम्ही बंद केलात, गस्कीने नाही.

भाकरी_आणि_मॉड्यूल: दिवसभर शाळा, चार वाजता "माहिती तात्काळ पाठवा", मग घर. मग मॉड्यूल. तुम्ही बघा पाहू आवाज चालू ठेवून!

बावीस_वर्षं_सेवा: तुमचं गस्की गस्की चालू द्या, इथे नोकरीवर आलंय. 1 सप्टेंबर 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) काढायची नाहीतर घरी बसायचं. मुलगी डीएडला आहे, तिच्याच वह्या घेऊन रात्री पियाजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या मुलांच्या विकासाच्या अवस्था पाठ करतेय. ती माझी तोंडी घेते, चुकलं की हसते.

स्पष्टच_बोलतो: रोज पोरांची परीक्षा घेता, स्वतःवर आली की रडता. राग नको.

बावीस_वर्षं_सेवा: राग येणारच. आम्हाला घेतलं तेव्हा ही अट नव्हती. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर पत्रिका जुळवायला घेतात का कोणी?

स्पष्टच_बोलतो: टीईटीची अधिसूचना 2010 ची आहे ताई, अचानक आकाशातून पडली नाही. माझ्या पुतण्याने टीईटी काढलीय आणि बसलाय घरीच, त्याच्याबद्दल कोण बोलणार?

बावीस_वर्षं_सेवा: त्याची भरती मी अडवलीय का??

माळावरची_शाळा: अहो धागा कशाचा होता! टीईटी काढून 52 वजा 27 शिकवता येतं का, एवढं सांगा.

स्पष्टच_बोलतो: न काढताही येत नव्हतं, तुम्हीच वर कबूल केलंय. पोरीने शिकवलं तुम्हाला.

माळावरची_शाळा: हे मात्र बरोबर. लागलं.

केंद्रातला_माणूस: बरं, माझंही अर्धं मागे घेतो, खूश व्हा. त्या अभ्यासांत नुसते तास नव्हते, नंतर पाठपुरावाही होता, त्याशिवाय 50 काय 500 तासही भाकरीबरोबर थापले जातील. पण पाठपुरावा मी करायचा तर माझ्याकडे आधीच दोन केंद्रांचा, म्हणजे शाळांच्या दोन गटांचा चार्ज आहे, शाळेत पोचतो तेव्हा पोरं दप्तरं भरत असतात. साहेबांनी यावर पोस्ट टाकावी एखादी.

भाकरी_आणि_मॉड्यूल: आली ना गाडी रुळावर 😄 माळावरचे सर, काड्या कसल्या वापरता? आमच्या खराट्याच्या, चार दिवसांत मोडतात.

माळावरची_शाळा: आइस्क्रीमच्या. गावातल्या दुकानदाराकडून गोळा करतो, धुऊन घ्या पण, मुंग्या लागतात.